अडुळशाच्या पानातलं व्हॅसिसिन: एमएस्सी प्रोजेक्टचं वर्ष, मुंबईतल्या लॅब्ज आणि खर्च

एमएस्सी ऑरगॅनिकचा आमचा प्रोजेक्ट मे २०२५ मध्ये संपला. विषय होता अडुळशाच्या पानांतलं व्हॅसिसिन हे अल्कलॉइड (झाडात बनणारं, नायट्रोजन असलेलं अल्कधर्मी संयुग) काढणं, ते व्हॅसिसिनच आहे हे दाखवणं आणि किती आहे ते मोजणं. सुरू केलं तेव्हा मुंबईत हे कुठे करून मिळतं, कोणाला विचारायचं, पैसे किती लागतात हे सांगणारं मराठीत काहीच हाताला लागलं नव्हतं. इंग्लिशमध्ये पेपर ढिगाने आहेत पण पेपरात कोणी लिहीत नाही की मेथनॉल आणायला कॉलेजचं पत्र लागतं किंवा फुलं नसतील तर झाडाची ओळख पटवून घेणं अडून बसतं. म्हणून जसं घडलं तसं लिहितेय.

जून २०२४. मी आणि माझी पार्टनर गाइड मॅडमकडे गेलो तेव्हा डोक्यात नरक्या ही वनस्पती होती, कारण कॅन्सरच्या औषधांशी जोडलेलं नाव म्हणजे प्रोजेक्ट भारी वाटणार. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की नरक्यात कॅम्प्टोथेसिन (ज्यापासून कॅन्सरची औषधं बनतात ते अल्कलॉइड) असतं हे १९७२ मध्येच आपल्या गोरेगावच्या सिबा रिसर्च सेंटरमधून टी. आर. गोविंदाचारी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, आणि त्यानंतर सह्याद्रीतली ही झाडं इतकी तोडली गेली की आता प्रोजेक्टसाठी ती शोधत फिरणं बरोबर नाही. मला हे अजिबात माहीत नव्हतं, गोरेगावला तर आमचे नातेवाईक राहतात. मग म्हणाल्या, भरपूर मिळेल असं झाड घ्या, ज्यात एक मुख्य अल्कलॉइड आहे आणि ज्याचं स्टँडर्ड, म्हणजे ताडून बघायला शुद्ध नमुना, विकत मिळतं. अडुळसा या तिन्हीत बसतो. शिवाय खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्झिन आणि त्यातूनच आलेलं ॲम्ब्रोक्सॉल, दोन्हींचं मूळ व्हॅसिसिनच्या रचनेत आहे, म्हणजे इंट्रोडक्शनला मजकूरही भरपूर.

निघताना त्या म्हणाल्या, "रिपोर्टात जिथे जिथे 'व्हॅसिसिन आढळलं' लिहाल तिथे तिथे मी विचारणार, कशावरून? उत्तर असेल तरच वाक्य राहील." पुढचं सगळं वर्ष याच एका प्रश्नावर गेलं, आणि आता वाटतं मशीनबिशीन सगळं नंतरचं, हा प्रश्न आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

पानं कुठून आणायची? बरेच जण सांगतात नॅशनल पार्कात जा, आरेत जा. नॅशनल पार्कातून परवानगीशिवाय पान तोडणंही कायद्यात बसत नाही, त्या भानगडीत पडूच नका. अडुळसा गुरंढोरं तोंडात घेत नाहीत म्हणून लोक कुंपणाला लावतात, तर वसईला पार्टनरच्या मामांच्या वाडीचं कुंपणच अडुळशाचं निघालं. मामांनी सांगितलं, "कोवळी नका घेऊ, मधली पुरी वाढलेली घ्या" आणि स्वतः विळा घेऊन आले. ऑगस्टमध्ये पाचेक किलो ओली पानं आणली, सकाळच्या लोकलने, ताडपत्रीच्या पिशवीत नाही तर सुती पोत्यात, कारण प्लास्टिकमध्ये चर्चगेटपर्यंत ती घामेजून काळी पडतात. ज्या झुडपांची पानं घेतली त्यांना रंगीत नायलॉनची दोरी बांधली, फोटो काढले, मोबाइलवर लोकेशन सेव्ह केलं. हे करायला हवंच, का ते पुढे येतं.

पुस्तकात लिहिलेलं असतं "सावलीत वाळवावे". ऑगस्टच्या मुंबईत सावलीत पान वाळत नाही, त्याला बुरशी येते. मॅडमनी आधीच फार्मसीवाल्या ओळखीच्या कॉलेजात ट्रे ड्रायर सांगून ठेवला होता, ४० डिग्रीवर, पानं एकावर एक न टाकता. पाच किलोचं किलोभर झालं. मग मिक्सरला भरड दळून ४० नंबरच्या चाळणीतून चाळलं आणि हवाबंद बरणीत, बरणीला बाहेरून फॉइल, आत सिलिका जेलच्या पुड्या. फॉइलचं कारण म्हणजे व्हॅसिसिन हवेने, उजेडाने ऑक्सिडाइज होऊन व्हॅसिसिनोन बनतं. तेव्हा हे वाक्य मी नुसतं लिहून घेतलं होतं, त्याचा खरा अर्थ जानेवारीत कळला.

तुलनेसाठी काष्ठौषधींच्या एका दुकानातून अडुळशाची तयार पावडरही घेतली. दुकान कुठलं ते लिहीत नाही कारण एका पुडीवरून दुकानाबद्दल काही बोलणं योग्य नाही. बिल मात्र घ्या आणि पाकिटावर तारीख लिहा.

सप्टेंबरमध्ये बॉटनीच्या सरांकडे मायक्रोस्कोपी. केमिस्ट्रीवाल्यांना हे फालतू वाटतं, मलाही वाटलं होतं की आपण मॉलिक्यूल शोधतोय तर पेशी कशाला बघायच्या. सरांनी चिमूटभर पावडर क्लोरल हायड्रेटमध्ये गरम करून स्लाइड बनवली. हिरवा रंग निघून गेला आणि काचेसारखं स्वच्छ दिसायला लागलं. आधी पर्णरंध्रं, प्रत्येकाच्या दोन बाजूंना दोन पेशी आडव्या बसलेल्या. मग सरांनी स्लाइड जराशी सरकवली आणि लांबट, खडबडीत, राखाडी दांड्यासारखं काहीतरी मध्ये आलं. ते सिस्टोलिथ, म्हणजे पेशीत साठलेलं कॅल्शियम कार्बोनेट, अडुळशाच्या कुळात सापडतं. सर म्हणाले, "आता कडेने डायल्यूट एचसीएलचा एक थेंब सोड आणि डोळा काढू नकोस." थेंब कव्हरस्लिपखाली सरकत गेला आणि त्या दांड्यातून बारीक बुडबुडे सुटायला लागले, हळूहळू दांडा विरघळत गेला. बारावीत पाठ केलेली कार्बोनेटची टेस्ट एका पेशीच्या आत होताना बघितली, मी पार्टनरला जवळजवळ ओढून आणलं बघायला. दुकानाच्या पावडरीतही सिस्टोलिथ दिसले, रंध्रंही तशीच, त्यामुळे ती अडुळसाच असावी एवढं तरी म्हणता आलं.

सॉल्व्हंट्सचं सांगते. मेथनॉल, क्लोरोफॉर्म, पेट्रोलियम ईथर सगळं प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतं, काचेचं सामानही तिथेच. पण मेथनॉल असं सुटं कोणी देत नाही, कॉलेजच्या लेटरहेडवर मागणी, विभागप्रमुखांची सही, शिक्का, आणि ते बरोबरच आहे, विष आहे ते. शिवाय कॉलेजच्या पैशांतून घ्यायचं तर तीन दुकानांची कोटेशन्स. एक दुकानदार काका फार चांगले होते, त्यांनी सांगितलं की कोटेशनवर ग्रेड लिहून मागा, कारण एक्स्ट्रॅक्शनला साधा एलआर (लॅबच्या रोजच्या कामाचा) ग्रेड चालतो पण एचपीएलसीला (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) एचपीएलसी ग्रेडच लागतो आणि किमतीत बराच फरक आहे. सगळं एचपीएलसी ग्रेडचं मागवून पैसे घालवू नका.

ऑक्टोबर सगळा एक्स्ट्रॅक्शनमध्ये गेला. आधी पेट्रोलियम ईथरने मेण आणि चरबी काढून टाकायची, मग मेथनॉल. आम्ही दोन्ही पद्धती केल्या, सॉक्सलेट (तापवलेलं मेथनॉल पुन्हा पुन्हा पानांतून फिरवणारं काचेचं उपकरण) आणि नुसतं गार मेथनॉलमध्ये भिजवत ठेवणं. मॅडमचा आग्रह होता, कारण उष्णतेने काय बिघडतं ते बघायचं होतं. चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना २०१५ चं नोबेल मलेरियावरच्या ज्या आर्टेमिसिनिनसाठी मिळालं तिथेही पाण्यात उकळण्याऐवजी कमी तापमानाला ईथरने काढल्यावरच औषध हाती लागलं होतं, हे त्यांचं आवडतं उदाहरण. सॉक्सलेटची व्यावहारिक अडचण वेगळीच, दुपारी कॉलेजच्या नळाला प्रेशर नसतं आणि कंडेन्सर (वाफ गार करणारी नळी) गरम होऊन मेथनॉलचा वास लॅबभर. उपाय म्हणजे फिशटँकचा छोटा पंप, क्रॉफर्ड मार्केटला तीनशेच्या आत मिळाला, बादलीत बर्फाचं पाणी आणि तेच फिरवत राहायचं. हा एक खर्च असा की प्रत्येकाने पहिल्या दिवशी करावा.

मग ॲसिड-बेस. तत्त्व साधं आहे, अर्क सौम्य ॲसिडमध्ये घेतला की अल्कलॉइड मीठ बनून पाण्यात उतरतं आणि क्लोरोफिल, चिकट हिरवा गाळ मागे राहतो, तो गाळून टाकायचा, मग अमोनियाने पीएच ९ च्या पुढे नेला की अल्कलॉइड मोकळं होऊन क्लोरोफॉर्ममध्ये येतं. प्रत्यक्षात सेपरेटिंग फनेलमध्ये वर पाणी, खाली क्लोरोफॉर्म आणि मध्ये जाडजूड फेसाळ थर जो हलायलाच तयार नाही. इमल्शन. पेपरात याचा उल्लेख नसतो. इथे घाबरायचं नाही आणि जोरात हलवायचं तर अजिबात नाही. फनेल नुसतं हळू उलटंसुलटं करायचं, मिठाचं संपृक्त पाणी थोडं थोडं घालायचं, आणि वेळ द्यायचा. आमचा एक लॉट रात्रभर फ्यूम हूडमध्ये ठेवून सकाळी वेगळा झाला, लॅबवाल्या मामांनी रात्री हूड चालू ठेवायला वॉचमनला सांगून ठेवलं होतं, त्यांचे आभार रिपोर्टात नावानिशी मानलेत. क्लोरोफॉर्म पाणी शोषायला सोडियम सल्फेटवरून काढून रोटाव्हेपवर (कमी दाबाखाली सॉल्व्हंट उडवणारं यंत्र) ४० डिग्रीला उडवला तेव्हा फ्लास्कच्या तळाशी पिवळट तपकिरी थर उरला. इतक्या पानांतून एवढंसंच.

टीएलसी केली, म्हणजे सिलिकाच्या प्लेटवर अर्काचा ठिपका ठेवून घटक वेगळे केले, सॉल्व्हंट इथाइल ॲसिटेट, मेथनॉल आणि थोडा अमोनिया, आणि वाळवून ड्रॅगनडॉर्फ (अल्कलॉइडला रंग देणारं द्रावण) फवारला. पिवळ्या पार्श्वभूमीवर नारंगी ठिपके उमटले, त्यातला एक ठळक. आम्ही दोघी आनंदाने फोटो घेऊन मॅडमकडे, आणि त्यांनी विचारलं, "कशावरून व्हॅसिसिन?" ड्रॅगनडॉर्फ नारंगी झालं म्हणजे अल्कलॉइड असावं एवढंच, कुठलं ते त्याला कळत नाही, आणि काही वेळा अल्कलॉइड नसतानाही ते रंग देतं. शेजारी स्टँडर्ड हवं.

स्टँडर्डची किंमत ऐकून मात्र पोटात गोळा आला. १० मिलीग्राम व्हॅसिसिन, बेंगळुरूच्या पुरवठादाराकडून, जीएसटी आणि कुरिअर धरून नऊ हजारांच्या घरात. परत तीच कोटेशन, मंजुरी, सह्यांची रांग, मध्ये दिवाळीची सुट्टी, ते हातात आलं नोव्हेंबरच्या शेवटी. तुम्ही प्रोजेक्ट मंजूर झाल्या आठवड्यातच स्टँडर्डची फाइल हलवा, पानं आणायच्याही आधी. आणि कुपी आली की रिकामी वाटते, घाबरू नका, पावडर झाकणाला आणि भिंतीला चिकटलेली असते. उघडायच्या आधी उभी धरून टेबलावर हळू टिचकी मारा, मग थेट कुपीतच मेथनॉल घालून विरघळवा, तीन-चारदा धुऊन सगळं व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये. सर्टिफिकेटवरची शुद्धता टक्क्यांत दिलेली असते ती हिशेबात धरा. सोल्यूशन तपकिरी कुप्यांमध्ये वाटून डीप फ्रीजरला.

आता ती नायलॉनची दोरी. सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या ब्लॅटर हर्बेरियममधून (वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचा संग्रह) झाडाची ओळख पटवून घ्यायची होती. स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाचं हे हर्बेरियम १९०६ पासूनचं, धोबीतलावला मेट्रो सिनेमापासून चालत. पण ओळख पक्की करायला फुलं असलेली फांदी हवी आणि अडुळसा आपल्याकडे फुलतो थंडीत. म्हणून ऑगस्टच्या पानांची ओळख डिसेंबरच्या फुलांवरून करायची, आणि ते झुडूप तेच आहे हे सिद्ध करायला दोरी आणि फोटो. डिसेंबरमध्ये वसईला गेलो तर जांभळट रेघा असलेल्या पांढऱ्या फुलांचे तुरे लगडलेले. फांदी वर्तमानपत्रात दाबून, कागद रोज बदलून, नीट वाळवून नेली. सोबत कॉलेजचं पत्र, गाइडची सही, झाड कुठून, कधी, कोणी घेतलं याची चिठ्ठी. फी आणि वेळ आधी फोन करून विचारा. तिथे नमुना त्यांच्या नमुन्यांशी ताडून बघतात, आणि नंतर पत्र मिळतं ज्यात अडुळशाचं शास्त्रीय नाव जस्टिशिया ॲढाटोडा आणि स्पेसिमेन नंबर. तो नंबर रिपोर्टात असला की उद्या कोणीही जाऊन बघू शकतं की यांनी नक्की कुठलं झाड घेतलं होतं. माझ्या मते अख्ख्या रिपोर्टातली सगळ्यात मोलाची ओळ तीच.

जानेवारी २०२५ मध्ये एका फार्मसी कॉलेजात एचपीटीएलसी, म्हणजे टीएलसीच पण मशीनने, जास्त नेमकी. तिथे पैसे प्लेटमागे घेतात, आम्हाला अडीच हजार पडले, म्हणून प्लेट पूर्ण वापरायची. २० बाय १० च्या प्लेटवर पंधरा-सोळा ट्रॅक आरामात बसतात. स्टँडर्डच्या चढत्या मात्रा, आमची पानं सॉक्सलेटची, भिजवलेली, दुकानाची पावडर, सगळं एकाच प्लेटवर, आणि ट्रॅकची यादी घरूनच लिहून न्या. ऑपरेटर ताईंनी २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली प्लेट धरली. आमच्या पानांत स्टँडर्डच्या अगदी रेषेत गडद पट्टा, भिजवलेल्यात तर छानच. दुकानाच्या पावडरीत तोच पट्टा अगदी फिकट, आणि त्याच्या वर दुसरा एक जाड. ताई म्हणाल्या, "हे व्हॅसिसिनोन असणार, जुना माल दिसतोय." सॉक्सलेटच्या ट्रॅकमध्येही तो वरचा पट्टा भिजवलेल्यापेक्षा जास्त होता. बरणीला फॉइल का लावली ते त्या क्षणी समजलं. पावडर अडुळशाचीच होती, मायक्रोस्कोपने सांगितलंच होतं, फक्त ज्यासाठी घ्यायची ते त्यातून बरंचसं निघून गेलं होतं. या दोन गोष्टी एकाच तपासणीत कळल्या नसत्या.

मोजमापासाठी एचपीएलसी, नवी मुंबईतल्या एका खासगी लॅबमध्ये. फोनवर सॅम्पलचा दर सांगितला होता, बिल आलं तेव्हा त्यात मेथड सेट करायचे वेगळे, कॉलम धुण्याचे वेगळे आणि १८ टक्के जीएसटी. जवळपास दुप्पट झालं. भांडायची हिंमत नव्हती आणि काम थांबवणं परवडणारं नव्हतं, त्या आठवड्यात झोप नीट लागली नाही. तुम्ही ईमेलवरच सगळ्यासकट आकडा मागा. सॅम्पल ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून द्या. आणि नुसता निकालाचा कागद घेऊ नका, प्रत्येक इंजेक्शनचा क्रोमॅटोग्राम (मशीनने काढलेला आलेख) आणि पीक टेबल (आलेखातल्या शिखरांचे आकडे) मागा, परीक्षक तेच बघतात. आमच्या वाळवलेल्या पानांत ०.८ टक्क्याच्या आसपास व्हॅसिसिन आलं, दुकानाच्या पावडरीत त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. एका कुंपणाची पानं, एका मोसमातली, आणि एक पुडी. त्यामुळे "बाजारातला अडुळसा निकृष्ट" असं वाक्य पार्टनरने लिहिलं होतं ते आम्ही काढून टाकलं.

शेवटचं एचआर-एलसीएमएस, म्हणजे रेणूचं वस्तुमान अगदी नेमकं सांगणारी तपासणी, आयआयटी पवईच्या सैफमध्ये (बाहेरच्यांचेही नमुने तपासून देणारं उपकरण केंद्र). ऑनलाइन नोंदणी, गाइडच्या सहीचा फॉर्म, शैक्षणिक संस्थांना दर कमी, कांजूरमार्गहून बस. नंबर लागायला वेळ जातो हे धरूनच चाला. रिपोर्टात १८९.१० ला पीक दिसला, व्हॅसिसिनचं वस्तुमान १८८.०९५ अधिक एक प्रोटॉन, बरोबर तिथेच. २०३.०८ ला व्हॅसिसिनोन. मी आकडे पेनाने तीनदा मांडून बघितले, खूप शांत वाटलं.

पण याच रिपोर्टाबद्दल कळकळीने सांगायचंय. त्यासोबत सॉफ्टवेअरने आपल्या लायब्ररीशी (माहीत असलेल्या संयुगांच्या साठ्याशी) जुळवलेल्या संयुगांची लांबलचक यादी येते. आमच्या यादीत प्रयोगशाळेतच बनणारी, कारखान्यातली औषधं होती, जी कुंपणाच्या अडुळशात असूच शकत नाहीत. सॉफ्टवेअर फक्त वस्तुमान जवळचं आहे म्हणून नाव सुचवतं. अशी यादी जशीच्या तशी उचलून "या वनस्पतीत अमुक इतकी संयुगं आढळली" लिहिलेले रिपोर्ट आणि पेपर मी याच वर्षात बघितले, आणि मग त्यावरून पुढचे लोक औषधी गुण सांगत सुटतात. कृपा करून असं करू नका. स्टँडर्डशी जुळलेलं असेल तेच "आढळलं", बाकीचं "असण्याची शक्यता", आणि अशक्य ते खोडून टाका. आमचं टेबल यामुळे दोन ओळींचं झालं. व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच टेबलावर बोट ठेवून विचारलं, "एवढंच?" आणि मग आम्ही प्रत्येक ओळीला चार पुरावे दाखवले, प्लेटवरचा पट्टा, एचपीएलसीचा वेळ, वस्तुमान, हर्बेरियमचा नंबर. त्यांनी पुढचा प्रश्न इमल्शनवर विचारला, तो तर आम्हाला पाठच होता.

घरात, बिल्डिंगमध्ये आता सगळे विचारतात अडुळशाचा काढा घेऊ का. मी केमिस्ट्रीवाली आहे, डोस वैद्यांना विचारा. एवढं मात्र नक्की सांगते की गरोदर बाईने स्वतःच्या मनाने घेऊ नये, व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं.

खर्च सगळा मिळून तीस हजारांच्या थोडा वर गेला, दोघींत वाटून. डिपार्टमेंटने अर्ध्याच्या आसपास मंजूर केलंय, त्यासाठी प्रत्येक बिल कॉलेजच्या नावावर, जीएसटी नंबरसह आणि ओरिजिनल लागतं, झेरॉक्स चालत नाही. कुरिअरची आणि पंपाची पावती आम्ही वैयक्तिक नावावर घेतली होती ती नामंजूर होऊन परत आली. बाकीची फाइल अकाउंट्समध्ये गेली, जुलै २०२५ मध्ये बघायला सांगितलं होतं.